प्लॅस्टिकचा फिल्म कॅमेरा, पहिला रोल आणि पोळा: कोणती फिल्म, कुठला उजेड?

आखरावरचा

नमस्कार मंडळी. कोडॅक एम३५ घेतला आहे, साधा प्लॅस्टिकचा ३५ एमएम कॅमेरा. भिंग ३१ एमएम, एफ/१०, शटर १/१२०, फोकस १ मीटरपासून पुढे, फ्लॅशला एक ट्रिपल-ए सेल. बाकी फिरवायला, जुळवायला काहीच नाही. मोबाइलवर फोटो काढतो, फिल्मचा अनुभव शून्य. गाव आर्णीकडचं.

पहिला रोल पोळ्याला काढायचा आहे. सकाळी नदीवर बैल धुणं, मग गोठ्यात साज चढवणं, दुपारनंतर आखरावर (गावाची गुरं जमतात त्या मोकळ्या जागी) तोरणाखाली जोड्या, झडत्या (पोळ्याची गाणी).

१) फिल्म २०० ची घेऊ की ४०० ची? रंगीत की काळी-पांढरी?
२) उजेड मोजायचं मीटर नाही, तर उजेड पुरेसा आहे हे कसं ओळखायचं?
३) रोल घालताना आणि काढताना काय बिघडतं?
४) रोल धुवायचा कुठे? घरी जमेल का?

रोल_छत्तीस

या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर एकच आणि शटरचा वेगही एकच. ऊन असो की आभाळ, तो फिल्मवर तेवढाच वेळ, तेवढ्याच भोकातून उजेड सोडतो. तुमच्या हातात उरतात तीन गोष्टी: कोणती फिल्म घालायची, दिवसाच्या कोणत्या वेळी काढायचं आणि किती अंतरावर उभं राहायचं.

हिशेब सोपा आहे. स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि शटर १/आयएसओ, हा जुना ‘सनी १६’ नियम. आयएसओ म्हणजे फिल्मचा तो २००, ४०० आकडा. म्हणजे २०० च्या फिल्मला एफ/१६ आणि १/२०० लागतं. तुमचा कॅमेरा देतो एफ/१० आणि १/१२०. अ‍ॅपर्चर मोठं असल्यामुळे सव्वा स्टॉपच्या थोडा वर आणि शटर हळू असल्यामुळे पाऊण स्टॉप, असा मिळून जवळपास दोन स्टॉप उजेड जास्त पडतो. (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा.)

आता जमिनीवरची सावली बघा. मीटरचं काम तीच करते.

सावली कडक, कडा धारदार: २०० ची फिल्म दोन स्टॉप वर, ४०० ची तीन स्टॉप वर.
सावली आहे पण कडा मऊ: २०० एक वर, ४०० दोन वर.
सावली जेमतेम दिसते: २०० बरोबर, ४०० एक वर.
सावलीच नाही, आभाळ भरलेलं: २०० एक खाली, ४०० बरोबर.
झाडाखाली, ओसरीत, घराच्या सावलीत: २०० दोन खाली, ४०० एक खाली.

रंगीत निगेटिव्ह फिल्मचा स्वभाव असा की जास्तीचा उजेड ती पचवते, कमी उजेड पचवत नाही. तीन स्टॉप वर गेलं तरी स्कॅनमधून चांगला फोटो निघतो. एक स्टॉप खाली गेलं की सावल्यांत दाणा दिसायला लागतो, दोन खाली गेलं की काळ्या बैलाच्या अंगावरचं काहीच दिसत नाही, नुसता मातकट चिखल. पोळा श्रावणातल्या अमावस्येला, म्हणजे आपल्याकडे आभाळ भरलेलं असायचीच शक्यता जास्त. म्हणून ४००. कडक ऊन पडलं तरी नुकसान नाही. रंगीत हवी तर कोडॅक अल्ट्रामॅक्स ४००, काळी-पांढरी हवी तर केंटमिअर ४०० किंवा इलफर्ड एचपी५ प्लस. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस काढायचा असेल तर २०० ची गोल्ड किंवा कलरप्लस भरपूर झाली.

कापसावरून आठवलं. मीटरवाला कॅमेरा पांढऱ्या शेताला फसतो, सगळं राखाडी करून ठेवतो. तुमच्यात मीटरच नाही, त्यामुळे पांढरं शेत असो की काळी माती, एक्सपोजर हलत नाही. स्वस्त कॅमेऱ्याची ही एक बाजू कुणी सांगत नाही.

दोन फिल्म टाळा. स्लाइड फिल्म, कारण तिला अर्ध्या स्टॉपची चूकही खपत नाही. आणि मुदत संपलेली स्वस्त फिल्म. जुन्या फिल्मला दर दहा वर्षांमागे साधारण एक स्टॉप जास्त उजेड द्यायची रीत आहे, आणि तुम्हाला तो देताच येत नाही.

अंतराचं. ३१ एमएमच्या भिंगाला एफ/१० वर साधारण दीड मीटरपासून लांबपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. डब्यावर १ मीटर लिहिलं असलं तरी दीडच धरा, म्हणजे दोन मोठी पावलं. बैलाच्या कपाळावरचं बाशिंग जवळून काढायच्या मोहात एक फुटावर गेलात तर मागचा गोठा स्पष्ट आणि बाशिंग पुसट येईल. व्ह्यूफाइंडर भिंगाच्या थोडा वर आणि बाजूला आहे, म्हणून दीड-दोन मीटरवर डोक्यावर थोडी जास्त जागा सोडा, नाहीतर शिंगांची टोकं कापली जातात. १० मीटरच्या पुढे हा फरक विसरलात तरी चालेल.

आणि बोट! व्ह्यूफाइंडरमधून भिंगावर आलेलं बोट दिसत नाही. डावा हात खालून धरा.

कापूसकोंड्या

उजेडाचं वर झालं, मी रोलच्या तब्येतीचं सांगतो भाऊ.

रोलले दोनच वैरी, उन्ह अन् ओल. गाडीच्या डिक्कीत, टिनाखाली, ट्रॅक्टरच्या टपावर रोल नको ठेवजो. घरी फ्रीज असन तं त्यात ठेव, पण डबीसकट. वापराच्या दोन घंटे आधी भायेर काढ अन् तोवर डबी उघडू नको. थंड रोलले भायेरची हवा लागली का त्याच्यावर पाणी सुटते, अन् पोयाच्या दिवसात तं हवा निरा ओलीच असते. फ्रीज नसन तं मातीच्या घरातला माजघरातला कोनाडा चांगला, स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या दोनचार पुड्या टाकून. माठाजवय नको, तिथं ओल असते.

काढलेला रोल घरात पडू देऊ नको. उन्हाळ्यात महिनाभर पडला तं रंग बदलते, निळंजांभळं कायतरी येते.

भिंग प्लॅस्टिकचं हाये. दुपट्ट्यानं पुसू नको, धुयीनं चरे पडतात. आधी फुंकणीनं धूळ उडव, मंग मऊ स्वच्छ कापड.

अन् मुद्द्याची गोष्ट: बैलाच्या तोंडासमोर फ्लॅश नको मारजो. आखरावर डफडं, गर्दी, लेकरं असतात. एक गोऱ्हा बुजला तं तोरणाखाली काय होईन ते सांगाले नको. तसंही बैलाचे डोये फ्लॅशमधी हिरवेनिळे चमकतात, फोटो भुताचा येते.

वर्धाकाठ

रोल घालण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण पहिला रोल कोरा येण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं.

सावलीत बसून मागचं झाकण उघडा. फिल्म गुंडाळलेली डबी तिच्या खाचेत बसवा. रिवाइंडची कडी थोडी वर ओढावी लागते, डबी बसली की कडी खाली दाबून तिचे दोन दात डबीच्या आसात अडकवा. फिल्मची जीभ दुसऱ्या बाजूच्या स्पूलपर्यंत ओढा, जीभ स्पूलच्या खाचेत घाला. आता अंगठ्याचं चाक थोडं फिरवा आणि झाकण उघडं असतानाच बघा: फिल्मची भोकं दातेरी चाकाच्या दातांत बसली का, आणि स्पूलवर एक वेढा घट्ट बसला का. दोन्ही झालं तरच झाकण लावा. जीभ नुसती टेकवून झाकण लावलं की ती निसटते, चाक फिरत राहतं आणि रोल जागचा हलत नाही.

झाकण लावल्यावर दोन-तीन वेळा चाक फिरवून बटण दाबा, आकडा १ वर येईपर्यंत. त्या वेळी रिवाइंडची कडी स्वतःहून उलटी फिरायला हवी. आधी कडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढून घ्या, म्हणजे ती फिरते का हे नीट कळतं. कडी फिरत नसेल तर फिल्म सरकत नाहीये, उघडून पुन्हा बसवा. दोन फ्रेम जातील, रोल वाचेल.

या जातीच्या कॅमेऱ्यात शटर ताणायचं काम फिल्मच करते: फिल्म सरकली की दातेरी चाक फिरतं आणि त्याने शटर ताणलं जातं. म्हणून रिकाम्या कॅमेऱ्यात बटण दाबलं तर काहीच होत नाही, आणि नव्या माणसाला वाटतं कॅमेरा बिघडला. तपासायचा असेल तर झाकण उघडून दातेरी चाक बोटाने फिरवा, अडेपर्यंत. मग उजेडाकडे धरून बटण दाबा. भिंगामागे क्षणभर उजेड चमकला की शटर ठीक.

शटरला कुलूप नाही. म्हणून फोटो काढल्यावर लगेच चाक फिरवून ठेवू नका, पुढचा फोटो काढायच्या वेळीच फिरवा. नाहीतर झोळीत बटण दाबलं जाऊन काळ्या फ्रेम जमतात.

शेवटी, ३६ झाले आणि चाक अडलं की थांबा. जोर लावला तर भोकं फाटतात, कधी फिल्म डबीतून सुटूनच येते. खालचं छोटं बटण दाबा आणि कडी बाणाच्या दिशेने फिरवा. आधी जड जाईल, मग एक हलका झटका बसून कडी एकदम मोकळी फिरेल. त्यानंतरही चार-पाच वेढे द्या, मगच झाकण उघडा. झाकणाच्या फटीवर आणि खिटीवर काळी इन्सुलेशन टेप लावलीत तर उजेड शिरून लाल-नारिंगी पट्टे येण्याची भीती कमी.

शक्य असेल तर एखादा वाया गेलेला रोल मिळवून त्यावर घालण्या-काढण्याचा हात बसवा.

आखरावरचा

सगळ्यांचे आभार. दोन शंका. आखरावर जोड्या उभ्या राहतात तेव्हा पाच-साडेपाच होतात, त्या दिवशी आभाळ असलं तर? आणि घरी धुवायचं झालं तर आमच्याकडचं पाणी फार जड आहे, चालेल का?

रोल_छत्तीस

भरल्या आभाळात साडेपाचला ४०० ची फिल्म दोनेक स्टॉप खाली जाते. काळी-पांढरी असेल तर पूर्ण रोल ‘पुश’ करता येतो, म्हणजे डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात) जास्त वेळ ठेवायचा. पण त्याने उजळ भाग वर येतात, सावलीत जे टिपलंच गेलं नाही ते उगवत नाही. पांढरा बैल निघेल, काळा नाही. शिवाय सकाळचे फोटो त्याच रोलवर असतील तर तेही जास्त शिजतील.

त्यापेक्षा रोलची वाटणी उजेडाप्रमाणे करा. पंधरा-सोळा फ्रेम सकाळी नदीवर, ९ ते ११. पाण्यावरचा उजेड खालूनही येतो, चेहरे उजळ निघतात. दहाएक फ्रेम साज चढवताना, पण गोठ्याच्या आत नाही, दाराबाहेर अंगणात. शिंगं रंगवणं, झूल घालणं अंगणातच करायला सांगा, लोक ऐकतात. उरलेल्या आखरासाठी, आणि तिथे मिरवणूक निघाल्या निघाल्या जा, तोरण तुटायची वाट बघू नका.

फ्लॅश माणसांसाठी वापरा: झडत्या म्हणणारे, लेकरं, दीड ते अडीच मीटरच्या आत. त्याच्या पुढे फ्लॅश पोचत नाही, पहिल्या रांगेतली डोकी पांढरीफटक आणि मागे काळोख. फ्लॅश तयार झाल्याचा दिवा लागायची वाट पाहा, दोन फोटोंमध्ये पंधरा-वीस सेकंद जातात. दुपारच्या उन्हात टोपीखाली डोळे काळे पडतात तेव्हाही दीड मीटरवरून फ्लॅश मारला तर थोडा फरक पडतो.

खारपाणपट्टा

धुण्याबद्दल. आधी रंगीत आणि काळी-पांढरी वेगळी करू. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद लागतो, आणि तापमान अर्धा अंशही हलू द्यायचं नसतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपसूक त्याच्या आसपास असतं, हा विदर्भाचा विनोद, पण त्याच्या भरवशावर सुरुवात करू नका. रंगीत रोल लॅबला पाठवा. आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: सी-४१ स्वतः करता का, स्कॅन किती मोठं देता, निगेटिव्ह परत पाठवता का. बरेच फोटो स्टुडिओ ‘हो’ म्हणून रोल पुढे दुसरीकडे पाठवतात, त्यात आठवडे जातात.

काळी-पांढरी घरी जमते, आणि एचपी५ साठी माझी शिफारस डी-७६ हा डेव्हलपर. एक रिळाच्या टाकीला ३०० मिली लागतं: १५० डी-७६, १५० पाणी. २० अंशांवर ११ मिनिटं. आपल्याकडे २० अंश मिळवणं हाच खरा खटाटोप. २४ अंशांवर काम केलंत तर वेळ पावणेआठ मिनिटांच्या आसपास येतो, आणि ते चालतं. ५ मिनिटांच्या खाली वेळ नेऊ नका, डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही आणि आभाळात ढगळ पट्टे येतात.

उन्हाळ्यात हवा कोरडी, म्हणून माठातलं पाणी झकास थंड होतं, २५ च्या आसपास येतं. पोळ्याच्या दिवसांत हवा दमट, माठ तेवढा उतरत नाही. तेव्हा टबात पाणी घेऊन त्यात बर्फाची पिशवी टाका आणि रसायनांच्या बाटल्या अर्धा तास उभ्या करा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये नको. सगळी रसायनं आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाला हवं, एक-दोन अंशांच्या फरकात. २२ च्या डेव्हलपरमधून काढून ३४ च्या नळाखाली धरलं तर इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, फुगून बारीक सुरकुत्या पडतात, त्या कशानेही जात नाहीत.

क्रम: डेव्हलपर, पहिलं अर्धं मिनिट सतत उलटसुलट, मग दर मिनिटाला चार वेळा. टाकी आपटून बुडबुडे सोडवा. मग साध्या पाण्याने एक मिनिट. मग फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन. गावाकडे रॅपिड फिक्सर मिळत नसेल तर हायपो (सोडियम थायोसल्फेट), एका लिटरला २५० ग्रॅम. हायपो विरघळताना पाणी बर्फासारखं गार पडतं, म्हणून कोमट पाण्यात विरघळवा आणि मग तापमान जुळवा. किती वेळ ठेवायचं? घालताना कापलेल्या जिभेचा तुकडा आधी फिक्सरमध्ये टाका, तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट. धुणं: टाकी पाण्याने भरून ५ वेळा उलटी, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा.

जड पाणी: डी-७६ आणि धुणं त्यात निभतं. शेवटचं एक पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या, बॅटरीवाल्यांकडे मिळतं, किंवा पागोळीचं स्वच्छ गाळलेलं. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. अकोला-अमरावतीकडच्या खारपाण (खाऱ्या पाण्याच्या) पट्ट्यात हे केलं नाही तर वाळल्यावर फिल्मवर पांढरे क्षारांचे ठिपके बसतात आणि स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपका दिसतो. वाळत घालायची ती बंद खोलीत, कूलर-पंखा बंद.

रिळावर फिल्म चढवायची पूर्ण अंधारात, चेंजिंग बॅगेत (हात घालायची उजेडबंद पिशवी). हात घामेजले तर फिल्म रिळात अडकते, म्हणून हे काम रात्री उशिरा.

बोंडअळी

डी-७६ मागवायला वेळ लागत असेल तर कॉफीने धुता येतं की. एका लिटरला कॅफेनॉल: वॉशिंग सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम. २० अंशांवर १५ मिनिटं. सगळं किराण्यात आणि औषधाच्या दुकानात मिळतं.

खारपाणपट्टा

मिळतं, पण तीन ठिकाणी फसतं. किराण्यातला खडेदार सोडा पाणी धरून असतो. तसा असेल तर ५४ च्या जागी १४६ ग्रॅम लागतो. किंवा स्टीलच्या पातेल्यात तापवून कोरडी पांढरी पूड करून घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं सोडा खातो. कॉफी चिकोरी मिसळलेली नको. व्हिटॅमिन सी शुद्ध पूड हवी, फसफसणारी गोळी नको. आणि ही कृती कमी आयएसओच्या फिल्मसाठी ठीक आहे. ४०० वर अख्खी फिल्म धुकट होते, ते आवरायला लिटरमागे १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड लागतं. तेही मागवायचंच असेल तर डी-७६ का नको? वास वेगळाच. पोळ्याचा रोल कॅफेनॉलमध्ये घालू नका, आधी वायफळ रोल घाला.

वर्धाकाठ

रोल धुऊन आला की निगेटिव्ह उजेडाकडे धरून वाचायची सवय लावा, स्कॅनवर जाऊ नका. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे छापलेले दिसतात, ते धुण्यातूनच उमटतात.

कडेचे आकडे ठळक, पण मधे एकही फ्रेम नाही: धुणं बरोबर, फिल्म सरकलीच नाही किंवा शटर उघडलं नाही.
आकडेही नाहीत, सगळं पारदर्शक: डेव्हलपर मेलेला किंवा आधी फिक्सर घातला गेला.
सगळं काळं, कडांसकट: रोल उजेडात उघडला.
आकडे ठळक आणि फ्रेम पातळ: उजेड कमी होता. आकडेही फिके आणि फ्रेमही फिक्या: डेव्हलपिंग कमी.
फ्रेम एकमेकींवर चढलेल्या: भोकं फाटली.
दुधाळ, धुरकट: फिक्सिंग अपुरं, पुन्हा फिक्सरमध्ये घालून धुतलं तर सुधारतं.

लॅबवाल्याशी बोलताना याचा उपयोग होतो. आकडे ठळक असतील तर त्याला दोष देऊ नका.

कापूसकोंड्या

अन् खांदशेकणीच्या, म्हंजे पोयाच्या आदल्या, संध्याकायी रोल वाया नको घालजो, गोठ्यात चुलीच्या उजेडात ह्या कॅमेऱ्यात काईच येत नाही. ते मोबाइलवर काढ.